घरच्या सरफेस ग्राइंडरसाठी स्पिंडल: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

घरी सरफेस ग्राइंडर, म्हणजे फिरत्या दगडाने पोलाद सपाट घासणारे यंत्र, बनवतो आहे. कॉलम, सॅडल आणि टेबल जागेवर बसले. टेबल स्टेपर मोटरवर आहे, मिनिटाला १२ मीटर वेगाने एकसारखे सरकते. आजपासून स्पिंडल, म्हणजे दगड फिरवणारा शाफ्ट आणि त्याचे हाउसिंग, हाती घेतला.

काय हवे ते आधी लिहून ठेवतो. दगड (ग्राइंडिंग व्हील) १८० मिमी व्यासाचा, १३ मिमी जाड, भोक ३१.७५ मिमी. काम मुख्यतः हार्ड केलेल्या पोलादावर. सपाटी दोन-तीन मायक्रॉनच्या आत हवी आणि जॉबवर लाटा दिसता कामा नयेत. ही दुसरी अट पहिलीपेक्षा कडक आहे. तिरप्या उजेडात अर्ध्या मायक्रॉनची लाटसुद्धा डोळ्याला स्पष्ट दिसते, मग डायलचा काटा हलो अगर न हलो.

ताकदीचा हिशोब: एका पासला १० मायक्रॉन खोली, ५ मिमी आडवी सरक, टेबल सेकंदाला २०० मिमी. म्हणजे सेकंदाला १० घन मिमी माल निघणार. हार्ड पोलाद घासायला घन मिलिमीटरमागे साधारण ४० ते ५० ज्यूल लागतात, म्हणजे ४०० ते ५०० वॅट. ०.७५ किलोवॅटची मोटर पुरते. त्याहून मोठी घेतली तर हेडवर (स्पिंडल धरून कॉलमवर वरखाली सरकणारा भाग) वजन आणि उष्णता वाढते, हातात काही येत नाही.

६ नोव्हेंबर

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दगड थेट मोटरच्या शाफ्टवर लावणे. त्यावर पूर्ण विचार केला आणि तो बाजूला ठेवला. कारणे इथे नोंदवतो, कारण हा मोह प्रत्येकालाच होतो.

०.७५ किलोवॅटच्या दोन पोलच्या मोटरला ८० ची फ्रेम येते, शाफ्ट १९ मिमीचा, आत ६२०४ जातीची साधी डीप ग्रूव्ह बेअरिंग. साध्या दर्जाच्या २० मिमी बोअरच्या बेअरिंगला आतल्या रिंगचा रनआउट, म्हणजे फिरताना मध्यापासून हलणे, १३ मायक्रॉनपर्यंत चालतो. पी४ या अचूक दर्जाला तोच ३ मायक्रॉन. रनआउट ड्रेसिंगमध्ये, म्हणजे डायमंडने दगडाची कड छिलताना, बराचसा निघून जातो, त्यामुळे तेवढ्यावर मी मोटरला नाही म्हटले नसते. खरी अडचण अक्षाच्या दिशेने आहे. मोटरचा रोटर एका वेव्ह वॉशरच्या (स्प्रिंगसारख्या लाटेदार वॉशरच्या) जोरावर टेकलेला असतो. दगडाच्या बाजूने जोर आला की रोटर मागे सरकतो, जोर गेला की परत येतो. खांदा घासायला घेतला तर माप हाती लागणारच नाही. शिवाय मोटरची सगळी उष्णता त्याच शाफ्टमधून दगडापर्यंत येते आणि शाफ्ट तासभर लांबत राहतो.

म्हणून स्पिंडल वेगळा, मोटर वेगळी.

११ नोव्हेंबर

मोटर जोडायची कशी? एका रेषेत कपलिंग लावून, की पट्ट्याने?

कपलिंग सुटसुटीत आहे. पण मोटर आणि स्पिंडल एका रेषेत ठेवायचे तर मोटर हेडला घट्टच बसवावी लागते. रबरावर बसवली की रेषा सुटते. घट्ट बसवली तर मोटरची सगळी थरथर हेडमध्ये. पट्ट्यात ही कोंडी नाही. मोटर रबराच्या पॅडवर राहू शकते, पट्टा चालवून घेतो. पट्ट्याची ओढ मागच्या पुलीवर येते, त्याने शाफ्ट किंचित वाकतो, पण ओढ स्थिर असेल तर ते वाकणेही स्थिर. जॉबवर उमटते ती फक्त बदलती ओढ. म्हणून पट्टा पातळ, फ्लॅट आणि अखंड विणीचा हवा. व्ही पट्ट्याची जाडी जागोजाग बदलते आणि प्रत्येक जाड जागा पुलीवरून जाताना एक धक्का देते.

पुलीचे गुणोत्तर १:१ मुद्दाम टाळले. फ्लॅट पट्टा थोडा घसरतोच. १:१ ठेवले तर मोटर आणि स्पिंडल जवळजवळ सारख्या वेगाने फिरतील, दोघांची कंपने कधी एकत्र येतील, कधी एकमेकांना मारतील. जॉबवर लाटा दाट होणार, विरळ होणार, पुन्हा दाट होणार, आणि त्या कोणाच्या ते ओळखता येणार नाही. मोटरवर ९० मिमी, स्पिंडलवर ८० मिमी ठरवले. मोटर मिनिटाला २८५० फेरे, स्पिंडल सुमारे ३२००. १८० मिमी दगडाच्या कडेचा वेग सेकंदाला ३० मीटर. दगडावर ३५ मीटरची मर्यादा छापली आहे, ती या व्यासाला ३७०० फेऱ्यांच्या आसपास येते.

मोटर तीन फेजची, ड्राइव्हवर (फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण). सिंगल फेज मोटरचा टॉर्क ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा वरखाली होतो, आणि तो ठोका दगडापर्यंत पोचतो. ड्राइव्हचा इनपुट सिंगल फेज चालतो, मोटरला मात्र तीन फेजच मिळायला हवेत. पाटीवर २३०/४०० लिहिलेली मोटर २३० व्होल्ट देणाऱ्या ड्राइव्हवर डेल्टात जोडायची.

१५ नोव्हेंबर

बेअरिंग ठरली. पुढे ७२०६ या अँग्युलर कॉन्टॅक्ट (तिरप्या संपर्काच्या) बेअरिंगची जोडी, संपर्काचा कोन १५ अंश, पी४, पाठीला पाठ. मागे एकच ६३०५.

या दोन आकड्यांवर संध्याकाळ गेली, आणि ती सार्थकी लागली. ७२०६ चे माप ३०×६२×१६. पुढची जोडी शाफ्टवर मागच्या बाजूने चढवायची आहे. तिला आवळणारा एम३०×१.५ चा लॉक नटही मागूनच येणार. म्हणजे शाफ्टची मागची बैठक नटाच्या भोकापेक्षा लहान हवी, २५ मिमी चालेल. २५ ला साधारणपणे ६२०५ घेतात, तिचा बाहेरचा व्यास ५२. मग हाउसिंगला दोन वेगवेगळी बोअर आली, आणि दोन बोअर म्हटली की दोघांचा मध्य जुळवणे आले. ६३०५ मात्र २५×६२×१७ आहे. बाहेरचा व्यास पुढच्या जोडीएवढाच. हाउसिंगला आरपार एकच ६२ मिमीचे बोअर पुरते, एकाच सेटिंगमध्ये, एकाच हत्याराने. मध्य जुळवायचा प्रश्नच मिटतो.

पुढची जोडी शाफ्टला अक्षाच्या दिशेने पकडून ठेवेल. मागचे बेअरिंग हाउसिंगमध्ये सरकते राहील, मागून वेव्ह वॉशरचा हलका दाब. हे सरकणे गरजेचे आहे. शाफ्ट हाउसिंगपेक्षा २० अंशांनी जास्त तापला तर १२० मिमी लांबीत जवळपास २९ मायक्रॉन वाढतो. दोन्ही टोके पकडली तर ही वाढ थेट बेअरिंगच्या गोळ्यांवर बसणार.

वेगाची चिंता नाही. बेअरिंगचा सरासरी व्यास ४६ गुणिले ३२०० म्हणजे दीड लाखाच्या आत. या जातीची बेअरिंग ग्रीसवर याच्या कितीतरी पट सहन करतात. तेलाच्या टाक्या, नळ्या, पंप, सगळे रद्द.

१८ नोव्हेंबर

शाफ्ट किती वाकेल याचा हिशोब. दगडावर १०० न्यूटनचा जोर धरला. प्रत्यक्षात त्याच्या निम्माच येईल: ५०० वॅट भागिले ३० मीटर म्हणजे स्पर्शरेषेत १७ न्यूटन, उभा जोर त्याच्या दुप्पट-तिप्पट.

पहिल्या बेअरिंगपासून मागच्यापर्यंत १२० मिमी, पहिल्या बेअरिंगपासून दगडाच्या मध्यापर्यंत ५० मिमी. शाफ्ट ३० मिमी धरला तर टोक १.७ मायक्रॉन वाकते. २५ मिमी धरला तर ३.६. आणि ३० मिमीचाच शाफ्ट ठेवून दगड २० मिमी आणखी पुढे नेला तर ३.८. म्हणजे दगड दोन बोटे पुढे लटकवणे हे शाफ्ट ५ मिमी बारीक करण्याइतकेच महाग. गार्डची मागची प्लेट, पुढचे झाकण, हब (दगड ज्यावर बसतो तो भाग), सगळे आता या ५० मिमीच्या आत बसवायचे. हब मागे वळलेल्या बशीच्या आकाराचा केला की दगड बेअरिंगच्या जवळ येतो.

शाफ्टचा मधला भाग नटाच्या मागे २८ मिमी होणार, त्यामुळे प्रत्यक्षात सव्वादोन मायक्रॉन धरावे.

२२ नोव्हेंबर

नाक, म्हणजे हब बसतो ते शाफ्टचे पुढचे टोक: १:५ टेपर, टोकाला एम१६×१.५ डावा आटा. समोरून बघितले तर दगड घड्याळाच्या दिशेने फिरणार. उजवा आटा असता तर मोटर सुरू होताना नट मागे राहून सैल पडला असता, डावा आटा त्याच झटक्याने आवळला जातो. मात्र थांबताना उलटे होते. ड्राइव्हने जोरात ब्रेक मारला तर दगडाची जडता नट सोडवू बघते. म्हणून ड्राइव्हमध्ये उलटी दिशा कायमची बंद, ब्रेक बंद, थांबताना मोटर आपली आपण मंदावेल. कमाल फ्रीक्वेन्सी ५५ हर्ट्झवर अडवली. चुकून नॉब पूर्ण फिरला तरी १८० मिमीचा दगड सेकंदाला ३५ मीटरच्या पुढे जाणार नाही.

फ्लँजचा (दगडाला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या तबकड्यांचा) व्यास दगडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी नको, म्हणून ७० मिमी. दोन्ही बाजूंना कागदी वॉशर. पुढच्या फ्लँजमध्ये बॅलन्सच्या वजनांसाठी गोल खाच.

पुढच्या बाजूला रबरी ऑइल सील लावणार नाही. त्याचा ओठ शाफ्टवर सतत घासतो आणि नेमका पुढच्या बेअरिंगपाशी उष्णता तयार करतो. त्याऐवजी दोन वळणांची लॅबिरिंथ (न टेकणारी, वळणावळणाची अरुंद वाट), फट ०.२ मिमी. धूळ वळणात अडकते, शाफ्टला काही शिवत नाही.

३० नोव्हेंबर

शाफ्ट ईएन २४ चा, टफन केलेला. सगळ्या पायऱ्या ०.३ मिमी ग्राइंडिंगला ठेवून टर्न केल्या. दंडगोल ग्राइंडिंग बाहेरून करून घ्यायचे आहे. ग्राइंडिंगवाल्या काकांनी शाफ्ट हातात घेतला, आधी सेंटरमध्ये (शाफ्टच्या टोकांच्या शंकूसारख्या भोकांत) डोकावून बघितले आणि म्हणाले, “सेंटर लॅप करून आणा, मगच घेतो. सेंटर गोल नसेल तर माझी मशीन गोल शाफ्ट देणार नाही.” अगदी बरोबर. बेअरिंगची बैठक सेंटरच्याच आकाराची नक्कल करते. ६० अंशांच्या लॅपने, बारीक पेस्ट लावून, दोन्ही सेंटर एकसारखी राखाडी दिसेपर्यंत घासली.

९ डिसेंबर

हाउसिंगचे लाइन बोअरिंग. १०० मिमी चौकोनी कास्ट आयर्नचा ठोकळा लेथच्या क्रॉस स्लाइडवर बांधला, बोअरिंग बार दोन सेंटरमध्ये धरला, सॅडलने ठोकळा पुढे नेला. या पद्धतीत बोअरचा व्यास सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहतो. लेथची बेड थोडी झिजली असली तरी बोअर फार तर किंचित बाकदार होईल, निमुळते होणार नाही.

मिमीची शेवटची दोन शतांश फुगणाऱ्या कास्ट आयर्नच्या लॅपने काढली. बोअर गेज बेअरिंगच्याच बाहेरच्या व्यासाच्या मापावर शून्य केला होता. लक्ष्य: बेअरिंगपेक्षा ३ ते ८ मायक्रॉन मोठे. पुढे ५, मधे ६, मागे ७ आले. मागे थोडे सैल आले ते सोयीचेच आहे, तिथले बेअरिंग सरकायला हवे आहे.

१४ डिसेंबर

शाफ्ट आला. ३० ची बैठक २ मायक्रॉन प्लस, खांद्याचा रनआउट दीड मायक्रॉन. काम बघून समाधान वाटले.

२१ डिसेंबर

स्पेसर. या कामाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बेअरिंगच्या दर्जाला किंमत येते ती इथे.

पुढच्या दोन बेअरिंगच्या मधे २० मिमी लांबीचे दोन स्पेसर: एक आतल्या रिंगांमध्ये, एक बाहेरच्या रिंगांमध्ये. बेअरिंग युनिव्हर्सल मॅच केलेली आहेत, म्हणजे पाठीला पाठ लावून आवळली की कारखान्यात ठरवलेला हलका प्रीलोड (गोळ्यांवरचा कायमचा दाब) आपोआप येतो. मधे स्पेसर घातले की अट एकच: दोन्हींची लांबी सारखी. आतला स्पेसर आखूड झाला तर प्रीलोड वाढतो, लांब झाला तर कमी होतो आणि दोन-तीन मायक्रॉनमध्येच नाहीसाही होऊ शकतो. दोन्ही तोंडे समांतर नसतील तर नट आवळताना शाफ्टच वाकतो.

गंमत अशी की हे स्पेसर एरवी सरफेस ग्राइंडरवरच एका बैठकीत घासले असते, आणि इथे ग्राइंडरच तयार होतो आहे. म्हणून लॅपिंग. कास्ट आयर्नची प्लेट, केरोसीन, बारीक पेस्ट. स्पेसर आठच्या आकड्यात फिरवायचा, दर थोड्या वेळाने पाव फेरा वळवून धरायचा, नाहीतर हाताच्या सवयीने एकाच बाजूला जास्त घासला जातो. मग धुवायचा, पुसायचा आणि सरफेस प्लेटवर, एक मायक्रॉनच्या डायलखाली, चार ठिकाणी बघायचा.

माप घेताना एक गोष्ट पहिल्यांदाच इतकी स्पष्ट दिसली. हातात धरून लॅप केलेला स्पेसर तसाच डायलखाली ठेवला तर काटा एक मायक्रॉनहून थोडा वर दाखवतो, आणि बघता बघता हळूहळू खाली येतो. २० मिमी पोलाद ५ अंशांनी गरम असले की १.२ मायक्रॉन लांब असते, हिशोब तंतोतंत जुळतो. तेव्हापासून दोन्ही स्पेसर प्लेटवर शेजारी शेजारी ठेवून चहा होईपर्यंत थांबायचे, मग चिमट्याने सरकवून माप घ्यायचे, हा नियम केला. शेवटी दोघांत अर्ध्या मायक्रॉनपेक्षा फरक वाचता आला नाही. समांतरपणा एक मायक्रॉनच्या आत.

२७ डिसेंबर

जोडणी. टेबल पुसून, दार बंद करून, लिंट न सुटणारा कपडा घेऊन.

बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर तिरपी व्ही ची खूण असते, ती जोडीचा क्रम आणि दिशा सांगते. आतल्या रिंगवर रनआउटच्या उंच जागेचा ठिपका असतो. दोन्ही बेअरिंगचे ठिपके एका रेषेत आणले आणि ती रेषा शाफ्टच्या स्वतःच्या उंच जागेच्या बरोबर समोर ठेवली, म्हणजे दोघांची चूक एकमेकांतून वजा होते.

ग्रीस मोकळ्या जागेच्या पावभागाएवढेच, बारीक सुईने प्रत्येक दोन गोळ्यांच्या मधे. बेअरिंग भरून टाकले तर गोळे ग्रीस ढवळत बसतात आणि उष्णता वाढते. ग्रीस भरायच्या आधी बेअरिंग ७० अंशांपर्यंत गरम करून शाफ्टवर चढवली. ३० मिमीचे बोअर तेवढ्याने १८ मायक्रॉन उघडते, हाताने सरकत गेली, ठोकाठोक काहीच नाही.

लॉक नट आवळल्यावर नाकाचा रनआउट ५ मायक्रॉन. आवळण्याआधी २ होता. म्हणजे नटाचे तोंड आट्याला काटकोनात नाही आणि त्याने शाफ्ट वाकवला. नट सोडला, एका मँड्रेलवर चढवून त्याचे तोंड लॅप केले, परत आवळला: २ मायक्रॉन. अक्षाच्या दिशेने हाताने ओढून-ढकलून काटा जागचा हलत नाही.

२८ डिसेंबर

रनिंग-इन. ८०० फेऱ्यांवर सुरुवात, तापमान स्थिरावेपर्यंत थांबायचे, मग १६००, २४००, ३२००. पुढच्या बेअरिंगवर, हाउसिंगच्या बाहेरून मोजले. ८०० वर पहिल्या काही मिनिटांत पारा झरझर चढला आणि मग हळूहळू उतरला: जादा ग्रीस गोळ्यांच्या वाटेतून बाजूला झाले. हीच वेळ घाईने बिघडवता येते. ३२०० वर खोलीपेक्षा १२ अंश जास्त, तिथेच स्थिर.

या १२ अंशांचा एक परिणाम लक्षात ठेवायचा. हाउसिंग हेडवर बसते त्या तोंडापासून स्पिंडलचा मध्य ५० मिमीवर आहे, कास्ट आयर्न तेवढ्याने सहा-साडेसहा मायक्रॉन सरकते. शेवटचा कट घ्यायच्या आधी स्पिंडल तापून स्थिर झालेला हवा.

४ जानेवारी

दगड चढवला. आधी टांगून लाकडी मुठीने चार ठिकाणी वाजवला, स्वच्छ नाद आला. ३ मिमी पत्र्याचा गार्ड लागल्याशिवाय मोटरला वीज नाही, आणि पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटे दगडाच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही.

बॅलन्सिंग आजचे मुख्य काम. दगडाचे भोक हबवर थोडे सैल असतेच. दगड ०.७ किलोचा, ०.१ मिमीने बाजूला बसला तर ३२०० फेऱ्यांवर ८ न्यूटनचा जोर सेकंदाला ५३ वेळा फिरत राहतो. ड्रेसिंगने दगडाची कड गोल होते, वजन मध्यावर येत नाही. म्हणून क्रम असा: डायमंडने ड्रेस, काढून दोन सुऱ्यांच्या धारेवर बॅलन्स, परत चढवून हलका ड्रेस, परत बॅलन्स. दुसऱ्या फेरीनंतर हब कोणत्याही जागी ठेवला तरी तिथेच थांबतो.

११ जानेवारी

पहिला जॉब: हार्ड पट्टी, २०० मिमी लांब. १० मायक्रॉनचे दोन पास, ५ चा एक, मग खोली न वाढवता दोन पास.

सपाटी अपेक्षेपेक्षा चांगली. पण खिडकीकडे तिरपी धरली की आडव्या लाटा दिसतात. डायलवर काटा जेमतेम थरथरतो. लाटा मोजायचीच आता सोय आहे, कारण टेबलाचा वेग एकसारखा आणि माहीत असलेला आहे. सेकंदाला २०० मिमी वेगाने स्पिंडलची खूण ३.७५ मिमीवर पडायला हवी, मोटरची ४.२ मिमीवर, १०० हर्ट्झची २ मिमीवर, पट्ट्याची (लांबी ८०० मिमी, फेरा सेकंदाला सुमारे १७ वेळा) १२ मिमीवर.

स्पिंडल आणि मोटर यांत अर्ध्या मिमीचाच फरक, एक लाट मोजून कळणार नाही. मार्कर चोळून लाटा काळ्या-पांढऱ्या केल्या, पट्टीने दहा लाटा एकदम मोजल्या. स्पिंडलच्या असत्या तर ३७-३८ मिमी. आल्या ४२. मोटर.

गुणोत्तर १:१ ठेवले असते तर हे बोट कोणाकडेच दाखवता आले नसते.

१३ जानेवारी

पट्टा काढून मोटर एकटी चालवली, तिच्या प्लेटवर फोन ठेवून कंपन बघितले. पुलीसकट जास्त, पुली काढून कमी. पुली लोखंडी आहे, चावीची खाच तिच्या एका बाजूला आणि वजन त्याच्या समोर. मोटरचा रोटर कारखान्यात अर्ध्या चावीने बॅलन्स केलेला असतो, पण पूर्ण चावी लांब असली तर उरलेला तुकडा तसाच बाहेर फिरतो. चावी पुलीएवढी कापली, पुली मँड्रेलवर चढवून धारेवर बॅलन्स केली, जड बाजूला मागून भोके पाडली. रबरी पॅडही मऊ घेतले.

त्याच पट्टीवर परत तेच पास. मोटरच्या लाटा गेल्या. खाली दबलेल्या ३.७५ च्या लाटा आता दिसतात, फार फिक्या. पट्ट्याची १२ मिमीची खूण कुठेच नाही.

१८ जानेवारी

ताठरपणा मोजला. स्प्रिंग काट्याने नाक उभे ओढले, १० किलो, म्हणजे ९८ न्यूटन. डायलचा स्टँड स्पिंडलच्या हाउसिंगवर ठेवला: ४ मायक्रॉन. हिशोबात शाफ्टचे सव्वादोन, बाकी बेअरिंगचे. जुळते.

मग स्टँड उचलून टेबलावर ठेवला, ओढ तीच: १३ मायक्रॉन. म्हणजे दगड आणि जॉब यांच्यामधल्या लवचिकतेत स्पिंडलचा वाटा एक तृतीयांशही नाही. उरलेले नऊ हेडची स्लाइड, कॉलम आणि टेबल यांत आहेत. डायल हेडवरून स्लाइडवर, स्लाइडवरून कॉलमवर असा एकेक टप्पा खाली नेला. कॉलमला २, कॉलम आणि हेड यांच्यामधल्या गिबला (स्लाइडमधली फट भरणाऱ्या पट्टीला) ६, बाकी टेबल. स्पिंडल आणखी जाड करून काहीही मिळाले नसते. काम गिबमध्ये आहे.

२५ जानेवारी

गिब स्क्रेप करून बसवली, ब्लू (संपर्काची जागा दाखवणारा निळा रंग) पूर्वी दोन टोकांना लागत होता, आता सगळीकडे ठिपके. टेबलावरून तीच ओढ: ८ मायक्रॉन.

ड्राइव्ह हळूहळू वर नेत हेडचे कंपन बघितले. मोटर ३९-४० हर्ट्झवर असताना, म्हणजे स्पिंडल सेकंदाला ४४ फेऱ्यांच्या आसपास, हेड एकदम जागे होते. त्याच्या वर आणि खाली शांत. गिबआधी ही जागा थोडी खाली होती, ताठरपणा वाढला तशी वर सरकली. ड्राइव्हमध्ये ३७ ते ४२ हर्ट्झचा पट्टा स्किप फ्रीक्वेन्सी म्हणून टाकला. झिजलेल्या दगडासाठी वेग बदलताना चुकूनही तिथे थांबायला नको.

१ फेब्रुवारी

स्पिंडल अर्धा तास तापवला, दगड नव्याने ड्रेस केला. डायमंडची चाल शेवटच्या पासला सावकाश. तीच २०० मिमीची पट्टी: दोन्ही बाजू घासल्या, नऊ ठिकाणी जाडी मोजली, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत २ मायक्रॉन. खिडकीजवळ तिरपी धरली तर ३.७५ च्या लाटांचा माग अजून शोधता येतो, पण शोधावा लागतो. दगड झिजून १६० वर आला की पुन्हा बॅलन्स करून बघायचे.

पुढच्या बेअरिंगचे तापमान खोलीपेक्षा ११ अंश जास्त. नाकाचा रनआउट २. लॉक नटावर रंगाची रेघ ओढून ठेवली, ती सरकली नाही. पुढचे काम टेबलाच्या मार्गांवरचे, ८ मधला साधारण १ मायक्रॉन तिथे आहे.